झाकून ठेवलेलं ताट

मावशी, सलाम.

मी कोल्हापूरचीच. वय 39. एका रुग्णालयात सिस्टर आहे, महिन्याला दहा-बारा नाइट पडतात. घरी मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे, संडे स्कूललाही शिकवते.

गेल्या वर्षी मी एक वही केली. रोज त्यात लिहायचं: राग किती वेळा आला, खोटं किती वेळा बोलले, कुणाची कुचाळी केली का, प्रार्थना चुकली का. लाल पेनानं फुल्या मारायच्या. यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, निश्चय केला की चाळीस दिवस एकदाही रागवायचं नाही. शुक्रवारी कडक उपवास. अकराव्या दिवशी मोडलं. नाइट करून घरी आले तर गॅसवर दूध उतू गेलेलं, सासूबाई टीव्हीसमोर. "तुम्हाला सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं," असं मी त्यांना म्हणाले. मुलं बघत होती. संध्याकाळी पुन्हा ड्युटीला निघाले तेव्हा सासूबाईंनी माझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. मला घास उतरला नसता, तशीच गेले.

दुसऱ्या दिवसापासून परत एकपासून मोजायला लागले. असं चार वेळा झालं. चाळीस एकदाही झाले नाहीत. तेव्हापासून प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली ती भाकर आणि प्याला, घेतलेलं नाही, चार महिने झाले. महिन्याच्या पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसते आणि भाकर फिरायला लागली की बाहेर पडते. सासूबाई हात धरून "चल की गं" म्हणतात, मी हात सोडवून घेते.

माझा भाऊ तालमीतला. तो म्हणतो, जोर मारल्याशिवाय काही मिळत नाही, तू कमी पडतेस. मैत्रीण म्हणते, प्रयत्न करणं हाच अविश्वास, सगळं प्रभूवर सोड. दोघांचंही करून बघितलं, दोन्ही जमलं नाही. आणखी जोर लावू की सोडून देऊ? आणि सोडायचं म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं करायचं काय? वहीतल्या एका महिन्याची झेरॉक्स जोडलीय. शुक्रवारचे उपवास चालू ठेवू का, तेही सांगा. नाव छापू नका.

---

सलाम, पोरी.

पत्र दोनदा वाचलं, झेरॉक्स चारदा. शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं, रकाने दिसले की मला राहवत नाही. तुझ्या फुल्या मोजल्या. रागाच्या रकान्यात महिन्याभरात 23 आहेत. त्यातल्या 17 नाइट संपवून आलेल्या सकाळच्या आहेत. सुटीच्या चार दिवसांत मिळून एक, तीही अर्धवट मारलेली, म्हणजे तुझं तुलाच नक्की नव्हतं. तू इतके महिने ही वही लिहितेस आणि हे तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तू फुल्या मोजत होतीस, तारखा वाचत नव्हतीस.

म्हणून सासूबाईंना जे बोललीस ते चालतं, असं मी म्हणत नाहीये. ते त्यांच्या काळजाला लागलं असणार. त्याकडं येतेच. पण त्याआधी एलीया संदेष्ट्याची आठवण करून देते, पवित्र शास्त्रातलं 1 राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा पराक्रम केलेला माणूस ईजबेल राणीच्या धमकीनं पळाला, रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवानं त्याला काय केलं? बोल लावला नाही. "तुझा विश्वास कुठे गेला" असंही विचारलं नाही. झोपू दिलं. मग दूतानं हलवून उठवलं आणि खायला सांगितलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो परत झोपला. परत उठवलं, परत खाऊ घातलं, कारण वाट लांबची होती. त्या अन्नाच्या बळावर तो होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालला.

चाळीस दिवस जेवणानंतरचे आहेत, बघ. तू चाळीस दिवस आधी मागतेस, आणि ताट झाकलेलंच ठेवून ड्युटीला निघून जातेस.

तुझ्या चार पानांच्या पत्रात त्या ताटाला एकच ओळ आहे. मी मात्र तिथेच अडकले. सकाळी ज्या बाईला तू तसं बोललीस, तिनं संध्याकाळी तुझं ताट वाढलं. गुडघे दुखत असतील, मन दुखत असेल, तरी भात गार होऊ नये म्हणून वर झाकण ठेवलं. तू क्षमा मागितली नव्हतीस. उद्यापासून नीट वागेन असं सांगितलं नव्हतंस. पवित्र शास्त्रात ज्याला कृपा म्हणतात ते तुझ्या ओट्यावर स्टीलच्या झाकणाखाली होतं, आणि तुझ्या वहीत त्याला रकानाच नाही. चार रकाने आहेत, चारही तू काय केलंस याचे.

वही करणारी तू पहिली नाहीस. पुढं चर्चची सुधारणा करणारा मार्टिन ल्यूथर 1505 साली जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात गेला तेव्हा त्याचंही हेच झालं होतं. पापांची कबुली द्यायला बसला की तासन् तास. बारीकसारीक आठवून सांगायचा, आणि तरी काहीतरी राहून गेलं असेल ही धास्ती सुटायची नाही. त्याचा वरिष्ठ श्टाउपित्स कंटाळून जायचा. पण त्या कंटाळलेल्या माणसानंच त्याला सांगितलं की स्वतःकडं बघणं थांबव, ख्रिस्ताच्या जखमांकडं बघ. ल्यूथरनं पुढं जे केलं ते जग जाणतं. मला त्याच्या थोरवीपेक्षा तो कंटाळलेला श्टाउपित्स जवळचा वाटतो. आज त्याची खुर्ची माझ्याकडं आली आहे.

आता मुळाशी येऊ. तुझा घोळ कुठं आहे ते मला वाटतं मला कळलंय, कारण तो आपल्या मंडळ्यांत निम्म्या बाकांवर बसलेला असतो. तारण कृपेनं झालं हे आपण सगळे मानतो. त्यावर गाणी म्हणतो. पण पवित्र मात्र आपलं आपण व्हायचं, असा एक अलिखित ठराव आहे. तिकीट देवानं काढलं, आता एसटी कोल्हापूरपासून मुंबईपर्यंत मी ढकलत नेते. प्रेषित पौल गलतीकरांच्या मंडळ्यांना पत्र लिहिताना चिडला तो नेमका यावरच. तिसरा अध्याय काढून वाच, त्यांना बुद्धिहीन म्हणतो: आत्म्यानं सुरुवात केलीत आणि आता शेवट स्वतःच्या बळावर करणार का?

1852 साली रॉयल वायल्डर हे मिशनरी साहेब कोल्हापुरात आले. त्यांच्या नि पुढं प्रेस्बिटेरियन मिशनच्या परंपरेत एक लहान प्रश्नोत्तरावली आहे, वेस्टमिन्स्टरची, 1647 सालची, 107 प्रश्नांची. आजीनं ती माझ्याकडून पाठ करून घेतली, चुकले की गुळाचा खडा परत डब्यात. त्या प्रश्नोत्तरावलीतली एक गंमत मला म्हातारपणी उमगली. नीतिमान ठरवणं म्हणजे काय, दत्तक घेणं म्हणजे काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरात देवाच्या कृपेची "कृती" असं म्हटलंय, एकदा होऊन गेलेली, कोर्टाच्या निकालासारखी. पुढचाच पस्तिसावा प्रश्न पवित्रीकरणाचा, म्हणजे पवित्र होत जाण्याचा. तिथं शब्द बदलतो: देवाच्या कृपेचं "कार्य". चालू असलेलं काम. निकाल एका क्षणात लागतो, मोडकं घर उभं करायला वर्षं जातात. पण दोन्ही ठिकाणी कर्ता तोच आहे, कृपा. आणि त्या उत्तरात शेवटी येतं की आपण पापाला "अधिकाधिक" मरत जातो. अधिकाधिक. चाळीसपैकी चाळीस असं कुठंही नाही. गणिताची बाई म्हणून सांगते, तू सलग आकडा मागतेस, आणि तो खंडला की मागचं सगळं शून्य धरतेस. ही पद्धत कुठल्याही पेपराला लावली तर सगळा वर्ग नापास होईल.

पंडिता रमाबाईंचं चरित्र आपल्या घरांत असतं, पण कपाटात. त्यांचे आई-वडील तीर्थामागून तीर्थ फिरले, दानं दिली, व्रतं केली, होतं नव्हतं ते पुण्यासाठी घातलं, आणि दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण एकामागोमाग गेली. ही गोष्ट सांगून आपले लोक थांबतात, बघा म्हणे त्यांचं कसं होतं. पण रमाबाई तिथं थांबल्या नाहीत. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, विधवांसाठी शारदा सदन काढलं, रात्रंदिवस राबल्या. आणि मग स्वतःच्या साक्षीत लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी मोठी बाई हे उघड लिहिते. धर्म बदलला तरी कमाईची सवय बदलत नाही. वारीत चालणाऱ्याला ती असते, तशी लेंट पाळणाऱ्यालाही असते. आपल्याला तर जास्तच, कारण आपण समजतो की आपल्याला ती नाही.

आता तुझ्या भावाचं. तालमीतल्या माणसाचा मी अपमान करणार नाही. कोल्हापुरात राहून तो करताही येत नाही. पौलानंही धावणाऱ्याचा, मुष्टियुद्ध करणाऱ्याचा दाखला दिलाच आहे. पण भावाला एक विचार: खुराकाशिवाय जोर मारले तर काय होतं? तो हसेल. दूध, तूप, बदाम, थंडाई बंद करून कुणी हजार बैठका मारायला लागला तर वस्ताद त्याला लाल मातीवर उभा करणार नाही, घरी पाठवेल. शाहू महाराजांनी 1912 साली कुस्तीचं खासबाग मैदान उभं केलं, देशभरच्या मल्लांना आश्रय दिला, तेव्हा खेड्यातल्या गरिबाच्या पोरानं आधी कुस्ती मारून दाखवावी आणि मग जेवावं असा हिशेब नव्हता. आधी खुराक, मग माती. जोर महाराजांच्या घरच्या दुधातून यायचा.

आणि तू काय केलंस? जोर वाढवले, खुराक बंद केला. चार महिने प्रभूच्या मेजावरून उठून जातेस.

याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुझ्यासारखे मागच्या बाकावरचे पुष्कळ आहेत. तुझ्या मनात पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय असणार: अयोग्य रीतीनं जो खातो तो दोषी ठरतो. ते वाचून तू घाबरलीस. पण पौल कुणावर रागावलाय ते त्याच अध्यायात वर वाच. करिंथमधले सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊन-पिऊन मोकळे व्हायचे, आणि मागून येणारे गरीब उपाशी राहायचे. ती अयोग्य रीत. आपण अयोग्य आहोत असं वाटून रडणाऱ्या बाईविषयी तो बोलत नाहीये. आणि 28वी ओळ नीट बघ. माणसानं स्वतःची परीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं, त्या प्याल्यातून प्यावं. परीक्षा करावी आणि मग घरी जावं, असं नाही. परीक्षेचा निकाल काहीही लागला तरी शेवटचा शब्द "खावं" हाच आहे. आजारी आहे म्हणून दवाखान्यात जात नाही असं तुझ्या वॉर्डातला एखादा पेशंट म्हणाला तर तू त्याला काय म्हणशील ते मला ऐकायला आवडेल. सिस्टर लोकांचा आवाज मला माहीत आहे.

आता मैत्रीण. तिचं वाक्य गोड आहे आणि निम्मं खरं आहे, म्हणून जास्त घातक. प्रयत्न करणं हाच अविश्वास असेल तर पौलानं फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या मंडळीला, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या असं का सांगितलं असतं? पण पुढच्याच ओळीला तो "कारण" म्हणतो: कारण तुमच्या ठायी इच्छा निर्माण करणारा आणि ती कृतीत आणणारा देवच आहे. तुझा भाऊ पहिलं वाक्य वाचतो, मैत्रीण दुसरं. मधला "कारण" दोघंही गाळतात. देव करतो म्हणून तू कर. तू केलंस की मग देव करेल, असं नाही. देव करतो म्हणून तू बसून राहा, असंही नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमचं रान भोगावतीच्या काठाला होतं, थोडका ऊस. पाणीपुरवठा संस्थेची पाळी बहुतेक रात्रीचीच यायची, आणि वडिलांबरोबर दारं धरायला जायची वेळ माझ्यावर आली, कारण भाऊ लहान. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: पाटानं पाणी येतं, खोऱ्यानं सरीचं तोंड मोडायचं, पाणी आत घ्यायचं, सरी शेवटपर्यंत भिजली की माती ओढून तोंड लावायचं आणि पुढची मोडायची. रात्रभर. पायाखाली चिखल, हातात बॅटरी, मनात सापाचं भय. पाणी आम्ही आणलेलं नसायचं. ते लांब राधानगरीत साठलेलं, नदीतून बंधाऱ्यापर्यंत आलेलं, तिथं कुणीतरी बरगे, म्हणजे फळ्या, घालून अडवलेलं. आमच्या घामानं एक कांडंसुद्धा भिजलं नसतं. वडील कितीही राबणारे असले तरी पाण्याशिवायच्या उसाला त्यांचा उपयोग शून्य. पण एका रात्री मी बांधावर झोपले. पाणी वरंबा फोडून शेजाऱ्याच्या रानात गेलं आणि आमच्या शेवटच्या आठ सऱ्या कोरड्या राहिल्या. पाणी कमी नव्हतं. रपाटा बसला तो अजून आठवतो.

तुझी मैत्रीण म्हणते बांधावर झोप. तुझा भाऊ म्हणतो विहीर नखानं खण. तू दोन्ही करून बघितलंस आणि दमलीस, यात नवल ते काय. आपलं काम दारं धरायचं. प्रार्थना, वचन, मंडळीत बसणं, प्रभुभोजन, चुकल्यावर क्षमा मागणं ही सगळी दारं आहेत. जुने लोक त्यांना कृपेची साधनं म्हणायचे, आणि शब्द बरोबर आहे, फक्त आपण साधनालाच पाणी समजायला लागतो. सकाळची प्रार्थना चुकली म्हणून तू फुली मारतेस; एक सरी राहिली म्हणून कुणी पाटाला शिक्षा करत नाही, पुढच्या पाळीला ती आधी भिजवतो.

आणखी एक. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती आचार्याची एक प्रार्थना आहे: तू जे आज्ञापितोस ते तूच दे, आणि मग हवं ते आज्ञाप. पेलगियस नावाच्या साधुवृत्तीच्या माणसाला ती ऐकून सहन झाली नाही. तो वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगते. लोक असं म्हणत म्हणत आळशी होतील, अशी त्याला भीती होती. तुझ्या भावासारखीच. माणूस मनात आणलं तर स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो, ही त्याची शिकवण 418 साली कार्थेजच्या चर्च-परिषदेनं नाकारली. आणि आपल्याकडं बघ, तुकोबा "पापाची वासना नको दावू डोळां" म्हणतात, तेव्हा ते देवाशी बोलतायत. मी बघणार नाही असा निश्चय नाही, तू दाखवू नकोस अशी विनवणी आहे. शेजारच्या वारकरी आजी हे म्हणायच्या तेव्हा माझ्या मनात यायचं, आपल्या लेंटच्या निश्चयांत "मी" किती वेळा येतो ते मोजावं. मोजलं नाही. मोजायची सवय वाईट.

तर सोमवारी सकाळी.

नाइट करून येशील तेव्हा जिन्यात एक मिनिट थांब. बॅग खांद्यावर असू दे. मोठी प्रार्थना नको, त्या वेळी डोकं चालत नाही. "आत्ता माझ्याकडं सहनशीलता नाही, तू दे," एवढं पुरे. मग घरात जाऊन खा आणि झोप. दूध, मुलांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या ही त्या सकाळची कामं मिस्टरांची. तुझ्या सगळ्या पत्रात मिस्टर एकदाच येतात, तेही "घरी मिस्टर" एवढेच. त्यांना माझ्या नावानं सांग. नाइटच्या आठवड्यात घर त्यांनी उठवायचं. झोप न झालेल्या बाईच्या चिडचिडीवर पश्चात्तापाचं औषध देऊन उपयोग नाही, हे तुला नर्स म्हणून कळायला हवं होतं.

सासूबाईंची क्षमा माग. "पण" न लावता. "नाइट झाली होती म्हणून" असंही नको, ते कारण खरं असलं तरी. "मी बोलले ते वाईट बोलले" आणि थांब. त्या बहुधा "असू दे गं" म्हणून विषय बदलतील, आपल्याकडच्या बायका तेवढंच म्हणतात. त्यावर समाधान मान. मुलांसमोर बोलली होतीस, तर मुलांच्या कानावर हेही पडू दे.

वहीचं म्हणशील तर जाळू वगैरे नकोस, ते नाटक होईल. फुल्यांची पानं फाडून टाक आणि उरलेली वही मुलांना गणिताच्या कच्च्या कामाला दे. परत नवी करू नकोस. महिनाभर हात शिवशिवेल. तसं झालं आणि डोक्यात हिशेब थांबेचना, सुटीच्या दिवशीही झोप लागेना, तीच प्रार्थना नीट झाली नाही म्हणून पुन्हा पुन्हा कराविशी वाटली, तर तो विश्वासाचा प्रश्न उरलेला नाही, डॉक्टरांना दाखव. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, त्यावर मोफत बोलता येतं. ल्यूथरच्या काळात तो नव्हता.

राग जाईल का, असं तू सरळ विचारलेलं नाहीस, पण पत्रभर तोच प्रश्न आहे. कमी होईल. कसा आणि कधी, ते मला सांगता येणार नाही. मी अडुसष्टीला आले, गेल्याच आठवड्यात रिक्षावाल्यावर अशी ओरडले की शेजारची बाई खिडकीत आली. पूर्वी तसं झालं की तीन दिवस मी देवासमोर जायची नाही, लाज वाटायची. आता त्याच संध्याकाळी जाते. माझ्यात फरक पडला असेल तर एवढाच.

येत्या पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसू नकोस. सासूबाईंच्या शेजारी बस. भाकर फिरायला लागली की त्या हात धरतील, या वेळी सोडवून घेऊ नकोस. तुझी पात्रता तपासत बसायला तिथं वेळ नसतो, ताट पुढं येतं, घ्यायचं असतं. बाहेर पडल्यावर पाळकसाहेबांना चार महिन्यांचं सांग, आधी नको. आधी सांगितलंस तर ती पुन्हा परवानगी काढल्यासारखी होईल.

उपवासाचं शेवटी विचारलंस, ते बरं केलंस. उपवास चांगला आहे, मी स्वतः करते. पण शुक्रवारी नाइट असेल तर करू नकोस. उपाशी पोटी रात्रभर वॉर्ड सांभाळायचा, सकाळी घरी येऊन चिडायचं आणि त्याची फुली मारायची, हे देवानं मागितलेलं नाही. सुटीच्या शुक्रवारी कर, त्या जेवणाचे पैसे ज्याला गरज आहे त्याला दे आणि विसरून जा. बाकीच्या दिवशी निघताना ओट्यावर झाकण दिसलं तर उघडून बघ. बसून खायला वेळ नसेल तर त्यातलंच डब्यात भरून घेऊन जा, आणि भात कसा झाला होता ते सकाळी आल्यावर सासूबाईंना सांग.

तुझी मावशी